मस्कत-कॅनडाचं प्रॅक्टिकल

"मस्कतला नुसता उन्हाळा, कॅनडाला नुसता हिवाळा," आई परातीत कणीक आपटत म्हणाली. "मधलं काय नाहीच का रे दादा या पोरीच्या नशिबात?"

"मधलं म्हणजे तासगाव," मामा म्हणाला. "तिथं ती हायच की."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, वसंतमामा. जन्मभर एसटीत कंडक्टर. विट्याच्या पलीकडं कधी गेला नव्हता, तरी रिटायर झाल्यावर हातात मोबाइल आला आणि हा माणूस कॉटवर पडल्या पडल्या जगभर फिरायला लागला. कुठल्या देशात किती पाऊस, कुठं कोण राजा होता, तो कुणाकडनं हरला, सगळं तोंडपाठ. आमच्या घरात कुणाला सर्दी झाली तरी तो रशियापासनं सुरुवात करायचा.

आणि त्या आठवड्यात तर त्याला अभ्यासाला खरंच विषय मिळाला होता. माझ्या थोरल्या बहिणीला, मृणालताईला, दोन स्थळं एकदम आली होती. एक मुलगा मिरजेचा, कॅनडात नोकरीला. दुसरा कवठ्याचा, मस्कतमध्ये नोकरीला. दोघं सुट्टीवर आलेले, दोघांना घाई. रविवारी दोघंही बघायला येणार होते आणि कुणाला होकार द्यायचा ते रविवारी रात्रीपर्यंत घरानं ठरवायचं होतं. घरानं म्हणजे मामानं. ताई सांगलीत लॅब टेक्निशियन, रोज पन्नास माणसांचं रक्त काढणारी बाई, पण घरात आली की तिचं एकच वाक्य, "तुम्ही ठरवाल तसं."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

माझं डोकं फिरायला तसं फार काही लागत नाही. मी तेव्हा सोळाची होते. शाळा नववीतच सोडलेली. भूगोलाच्या सरांनी विचारलं होतं, "जमदाडे, आपल्याकडचं हवामान कोणत्या प्रकारचं?" मी म्हटलं, "सोसायच्या प्रकारचं." वर्ग हसला. सर म्हणाले, बाहेर हो. मी झाले, ते परत आत गेलेच नाही. मग आप्पांनी चार महिने वाट बघितली आणि शिरगुपे शेठच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मला कामाला लावलं. आप्पा म्हणजे आमचे वडील. आमच्या द्राक्षाचा बेदाणा तिथंच ठेवायला असायचा.

"आता ऐका," मामा म्हणाला. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उभी रेघ मारली. "ओमान. हितं पोर्तुगीज येऊन बसले होते. गोव्यात बी पोर्तुगीज. म्हणजे गोव्याचा माणूस आणि मस्कतचा माणूस एकाच पाहुण्याला वैतागलेले. नातं लागतंय."

"आपण कुठं गोव्याचे?" आप्पा म्हणाले.

"दाजी, जवळ तरी हाय ना गोवा. आता कॅनडा. हितं आधी फ्रेंच, मग इंग्रज. इंग्रज आपल्याकडं बी होते. पण आपल्यातनं गेले आणि तिकडं राहिले. का?"

त्यानं पेन आमच्या सगळ्यांवरनं फिरवलं.

"हवामान!" मामानं मांडीवर थाप मारली. "हितला उन्हाळा सोसवला नाही त्यांना."

"मग एवढी माणसं तुरुंगात कशाला गेली? थोडं थांबायचं, मे महिना आलाच असता," आप्पा म्हणाले आणि तंबाखूची पुडी घेऊन बाहेर गेले.

"मुद्दा असा," मामा आम्हाला म्हणाला, "की इतिहास काय, दोन्हीकडं सारखाच. कुणी ना कुणी येऊन बसलेलं. फरक हवामानात हाय. पोरगीला कुठलं मानवतंय, ते बघायचं."

"तिकडं एसी असतोय की मामा," मी म्हटलं. "आणि कॅनडात हीटर."

"बंद पडला तर?"

"तर दुरुस्त करणारा येईल!"

"तेजे, तू शाळा सोडलेली हायस. मधे बोलू नको."

मी पेला आपटला. ताई चहा घेऊन आली. तिनं मामापुढं कप ठेवला आणि पदर सावरत हळूच म्हणाली, "वाचून थोडंच कळतंय मामा. हवा अंगाला लागल्याबिगर." मग माझ्याकडं वळून, "तेजा, चेंबरमध्ये आज लई गार होतं का गं? हात बघ कसे झालेत तुझे."

मामाचा कप तोंडापाशीच थांबला.

"प्रॅक्टिकल!" तो ओरडला.

अशी ती भानगड सुरू झाली. आमचं कोल्ड स्टोरेज म्हणजे कॅनडा. आणि त्याच्या शेजारी रिकामे क्रेट ठेवायचं पत्र्याचं शेड होतं, एप्रिलात दुपारी त्यात कुत्रंसुद्धा बसायचं नाही, ते मस्कत. ताईला थोडा वेळ यात बसवायचं, थोडा वेळ त्यात बसवायचं, आणि काय होतंय बघायचं. शिरगुपे शेठला मामानं फोन केला. शेठ म्हणे इतका हसला की हो म्हणायचं विसरला, पण नाही पण म्हणाला नाही.

"सकाळी कॅनडा, दुपारी मस्कत," मामा म्हणाला. "निसर्गक्रमानं."

"आणि तू गप्प बसणार?" मी ताईला आत जाऊन विचारलं. "माणसाला पेटीत घालून बघणार हायेत! तू काय बेदाणा हायस?"

ताई साडीला इस्त्री करत होती. "तुम्ही ठरवाल तसं," म्हणाली.

मी दार आपटून गेले.

रविवारी सकाळी कॅनडा आला. मुलाचं नाव परितोष. उंच, गोरा, केस चापून बसवलेले. बरोबर त्याची आई, जरीची साडी, हातात रुमाल. पोहे आले, ताई आली, नाव-गाव-शिक्षण झालं. मग मामा पुढं सरकला.

"तिकडं फ्रेंच आणि इंग्रज दोन्ही हायेत. तुमच्या बाजूला कोण?"

"माझ्या बाजूला गुजराती आहेत," परितोष म्हणाला.

मला तो तेवढ्यापुरता आवडला.

असं बघणं झालं की मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवायची पद्धत आमच्यातही आहे. म्हणजे नावाला. आदल्या वर्षी पुण्याचा एक मुलगा आला होता, तेव्हा ताई आणि तो गच्चीवर गेल्याबरोबर मामा टाकीतलं पाणी बघायला गेला. मागनं आई वाळत घातलेले कपडे काढायला गेली, ते नुकतेच घातलेले, टपटप गळत होते. मग त्या मुलाची मावशी हवा खायला गेली. शेवटी गच्चीवर एवढी माणसं झाली की ताई आणि मुलगाच खाली आले.

"उणे तीस असतं तिथं," परितोषच्या आई सांगत होत्या. "आमचा परितोष पहाटे गाडीवरचा बर्फ काढून कामाला जातो. मुलगी जरा नाजूकच वाटते हो."

"त्याची सोय केलीय आम्ही," मामा म्हणाला आणि त्यानं प्रॅक्टिकल समजावून सांगितलं. बाईंना ते भलतंच पटलं. "बघूयाच की," म्हणाल्या. जशी काही म्हैस घ्यायला आल्या होत्या. माझ्या कानशिलातनं वाफा निघायला लागल्या, पण आईनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तेवढ्यात ताई माझ्याकडं बघून एवढुशा आवाजात म्हणाली, "तेजा, जाकीट एकच हाय ना गं तिथं?"

झालं.

"एकच का?" मी आईचा हात झटकला. "पाच हायेत! आणि हिनं एकटीनं का बसायचं? ह्यांना सवय हाय ना बर्फाची? मग ह्यांनी बी बसावं! का फोटोपुरताच असतोय बर्फ?"

"तेजे!" आई किंचाळली.

"बसेल की!" परितोषच्या आई लाल झाल्या. "आमचा परितोष तासभर बसेल!"

"आई..." परितोष म्हणाला.

"तू गप रे."

सगळी वरात कोल्ड स्टोरेजवर गेली. मी जाकिटं वाटली. चेंबरचं दार उघडलं, प्लास्टिकचे पडदे बाजूला केले, आणि ती हवा आली. ज्याला माहीत नाही त्याला सांगते, ती हवा अंगाला लागत नाही, सरळ दातांना लागते. आत छतापर्यंत बेदाण्याच्या पेट्या, मधे बोळ, आणि वरच्या पंख्यांचा असा घुमणारा आवाज की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. ताई आणि परितोष दोन पालथ्या क्रेटवर बसले. समोर मामा, आई आणि परितोषची आई, जाकिटं घालून, परीक्षकासारखे उभे.

आधी आई पळाली. "मला आपलं कणकीचं बघायचंय," म्हणाली. कणीक घरी होती. मग परितोषच्या आई रुमालात शिंकल्या, परत शिंकल्या, आणि "तू बस हं परितोष," असं म्हणत मागं मागं सरकत बाहेर गेल्या. मामा टिकला. हात काखेत घालून रशियाच्या थंडीबद्दल काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि दात इतके वाजायला लागले की रशिया आतच राहिला. तोही गेला.

मला सवय होती. मी दाराशी पडद्यामागं उभी राहिले. ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत होतं. थंडीत माणूस बोलला की तोंडातनं वाफ निघते ना, तशी ताईच्या तोंडातनं निघत होती. मोठी वाफ, मग बारकी, मग परत मोठी. मी बघतच राहिले. घरात दिवसभरात दोन वाक्यं बोलणारी बाई, तिच्या तोंडातनं इंजिनासारखी वाफ! परितोषची वाफ मधनंच, तुटक. शेवटी ताईनं काहीतरी विचारलं, आणि तो सारखा दाराकडं बघायला लागला. गारठला बिचारा, मी मनात म्हटलं. एवढंच होय तुझं कॅनडा!

बाहेर आलो तर त्याच्या आई हुडहुडत होत्या. त्यांना ऊब पाहिजे म्हणून मामानं पत्र्याच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून दिली होती. ऊन अंगावर घेत, डोळे मिटून, "हां... आता बरं वाटतंय," असं चाललेलं. आणि नेमक्या त्याच वेळी फाटकातनं जीप आत आली.

मस्कत लवकर आला होता. घरी आप्पाच होते, त्यांनी सरळ इकडं पाठवून दिलेलं.

मुलाचं नाव धैर्यशील. सावळा, बुटकासा, शर्ट इन केलेला. बरोबर त्याचे काका, सफारी घातलेले, पोट पुढं.

"जागा सापडली बुवा," काका म्हणाले. "आणि ह्या ताई कोण?"

मामाला खोटं बोलता येत नाही. चाळीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, पण एकदाही खोटं नाही. तो म्हणाला, "ह्या कॅनडा."

परितोषच्या आईंनी डोळे उघडले. "आणि हे?"

"हे... मस्कत."

चेंबरचा कॉम्प्रेसर घुरघुरत होता. मग काकांनी मामाला नखशिखांत बघितलं. "म्हणजे आमच्याबरोबर दुसरं राज्य बी उभं हाय म्हणा की निवडणुकीला."

"तुलनात्मक अभ्यास चालू हाय," मामा घाम पुसत म्हणाला. "धैर्यशीलराव, पोर्तुगीजांबद्दल तुमचं काय मत?"

"भेट नाही झाली, मामा," धैर्यशील म्हणाला.

मला वाटलं आता दोन्ही पार्ट्या चपला घालून जाणार. आई तर तोंडाला पदर लावून बसली होती. पण परितोषच्या आई खुर्चीतनं उठून म्हणाल्या, "आमचा मुलगा बसला हो आत! गारठ्यात! ह्यांचं काय?"

हे काकांना झोंबलं. "धैर्या," ते गरजले, "बस जा!"

"कशात?"

"ते मला माहीत नाय. त्यांच्या मुलानं केलंय, आपण मागं राहायचं नाय."

दुपार झालेली. ताई आणि धैर्यशील पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. मागनं काका, मामा, आई शिरले. आई पुठ्ठ्यानं ताईला वारा घालायला लागली, तर मामा म्हणाला, "पुठ्ठा ठेव. मस्कतला तू नाहीस." पण त्याचाच सदरा पाठीला चिकटला होता. काकांची सफारी तर काळी पडली. "अरे, भट्टी हाय का शेड?" ते म्हणाले, उठले, आणि कुणी सांगायच्या आत तरातरा जाऊन चेंबरच्या दारात, पडद्यात डोकं घालून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, दार उघडं ठेवायचं नसतंय." ते म्हणाले, "मग मला आत घे, पोरी, आणि बंद कर." मामाही सरकत सरकत त्यांच्यामागं गेला. आई पाणी आणायला म्हणून गेली ती आलीच नाही. एवढ्या उन्हात परितोषच्या आई तेवढ्या लांब फाटकापाशी खुर्ची ओढून खुशाल, आणि परितोष त्यांच्यामागं पिशवी धरून उभा.

मी लिंबाखाली उभी होते. शेडमध्ये वाफ दिसायचा प्रश्नच नव्हता. धैर्यशीलच्या कपाळावरनं धार लागलेली, नाकाच्या शेंड्यावर येऊन थेंब थांबत होता आणि तो फुंकर मारून उडवत होता. ताई बोलत होती. परत काहीतरी विचारलं तिनं. ह्यानं उत्तर द्यायला दाराकडं बघितलं नाही, वर पत्र्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि दोन शब्द बोलला. आणि आमची ताई हसली. दात दिसतील असं. तिचा डावा दात किंचित आडवा आहे, बघायच्या कार्यक्रमात तो दाखवायचा नाही असं आईनं बजावलेलं, तो पार दिसला.

संध्याकाळी घरात सभा बसली. मामानं कॅलेंडर पुढं ओढलं. "मुलीनं दोन्ही हवामानं सोसली. म्हणजे प्रॅक्टिकलनं काहीच सिद्ध झालं नाही. आता इतिहासावर जावं लागणार." पोर्तुगीज किती वर्षं होते, ते शोधायला त्यानं चष्मा लावला.

"मस्कत," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"मला मस्कतची हवा मानवली, मामा. कॅनडात छातीत दुखायला लागलं."

हवामानाचा दाखला म्हटल्यावर मामाला काय बोलता येणार? त्यानं कॅलेंडरवर मस्कतच्या बाजूला बरोबरची खूण केली आणि परत खिळ्याला अडकवलं, पुढची बाजू पुढं करून. आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "चला. पोर्तुगीज जिंकले."

त्यानंतर दोन दिवसांनी ताई आणि मी पडवीत घरच्या बेदाण्याच्या काड्या काढत बसलो होतो. "खरंच छातीत दुखलं तुझ्या?" मी विचारलं.

"छे गं."

"मग?"

ताईनं एक बेदाणा तोंडात टाकला. "मला तिकडं गेल्यावर लायसन्सची परीक्षा द्यायचीय. ती पास झाल्याशिवाय लॅबमध्ये उभं करत नाहीत. कुठल्याबी देशात. अभ्यासाला वर्ष-दीड वर्ष जाणार. मी दोघांना एकच विचारलं. तेवढे दिवस घरात स्वयंपाक कोण करणार?"

"परितोष काय म्हणाला?"

"'आईला विचारून सांगतो.'"

मला त्याची मान आठवली. सारखी दाराकडं वळणारी. तो गारठला नव्हताच. तो आई शोधत होता.

"आणि दुसरा?"

"तो म्हणाला, 'आत्ता कोण करतंय? मीच.'" ती परत हसली, आडव्या दातासकट. "आणि म्हणाला, असलं ऊन मी मस्कतमध्ये पण नाय बघितलं, आता बाहेर जाऊया का? म्हटलं, थांबा, अजून विचारायचंय."

मी हातातली काडी टाकली. डोक्यात एकेक पेटी सरकायला लागली. गच्चीवरचे ओले कपडे. 'हवा अंगाला लागल्याबिगर.' 'चेंबरमध्ये लई गार होतं का गं?' जिथं मामा टिकणार नाही, आई टिकणार नाही, कुणाचीच आई टिकणार नाही, अशा दोनच जागा होत्या आख्ख्या तासगावात.

"ताई," मी म्हटलं, "हे प्रॅक्टिकल मामाचं नव्हतं."

"मामाचंच होतं," ती म्हणाली. "मी फक्त चहा दिला."

"आणि परितोष आत आला, ते तर माझ्यामुळं! मी भडकले म्हणून!"

ताई परातीतल्या काड्या फुंकत राहिली. मग मला ते पण आठवलं. 'तेजा, जाकीट एकच हाय ना गं?' पाच जाकिटं आहेत हे तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

"तू मला मुद्दाम पेटवलंस!"

"तू पेटणार हे ठरलेलंच असतंय," ताई म्हणाली. "म्हटलं, कामाला तरी येऊ दे."

मी परात उलटी केली. मग दोघी बसून जमिनीवरचे बेदाणे वेचत होतो, आणि मला इतकं हसू यायला लागलं की आई आतनं बघायला आली.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. ताई परीक्षा पास झाली. तिथं एका दवाखान्यात रक्त काढते. भाऊजींची आमटी मी व्हिडिओवर बघितलीय, रंग बरा असतो.

मी एकोणीसची. मला एवढ्यात लग्न करायचं नाही, हे मी घरात चार वेळा ओरडून सांगितलं, आणि चारही वेळा कुणी ऐकलं नाही. परवा मामा कॅलेंडर काढून बसला होता. न्यूझीलंडचं स्थळ आलंय म्हणे. मामानं इंग्रज तिथं कधी पोचले आणि मेंढरं किती आहेत, सगळं काढून ठेवलेलं.

मी पेला उचलला होता आपटायला. मग खाली ठेवला. चहा गाळला, मामापुढं कप ठेवला आणि हळूच म्हटलं, "तिकडं वारं लई असतंय म्हणे मामा. माणसाला उभं राहू देत नाय."

मामाचा कप तोंडापाशी थांबला.

"ढालगावच्या वर," तो स्वतःशीच म्हणाला, "त्या पवनचक्क्यांच्या टेकडीवर..."

मी पदर नसतानाही सावरला. "तुम्ही ठरवाल तसं," म्हणाले.